जुने पुस्तक, नवी आवृत्ती



ज्ञानपंचमी जवळ आली की आपल्या घरांतील कपाटे उघडतात. ग्रंथांवरील धूळ झटकली जाते, नवी वेष्टने चढतात. पुस्तकाची आशातना होऊ नये, ते रद्दीत जाऊ नये, हा संस्कार आपल्यावर बालपणापासूनचा. म्हणून उपयोग संपलेले पुस्तकही आपण टाकत नाही, कोणाला तरी देतो आणि ज्ञानदानाचे समाधान मानतो. मीही तसेच केले, आणि त्यात माझी चूक झाली.

आर्णी येथील एका परिचित दुकानाच्या दिवाणजींची कन्या संगणकाचा अभ्यास करते. तिला मी घरातील पायथन या संगणकभाषेचे पुस्तक दिले. दोन महिन्यांनी तिची भेट झाली, तेव्हा ती म्हणाली, “काका, पहिल्याच धड्यातली ओळ चालत नाही. मला हे जमण्यासारखे नाही, असे वाटते.” पुस्तक पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचे होते आणि तिच्या संगणकावर तिसरी होती. तिसरी आवृत्ती 2008 साली आली आणि 1 जानेवारी 2020 पासून दुसरीचा अधिकृत आधार संपला. पडद्यावर मजकूर दाखवण्याच्या आज्ञेला आता कंस लागतो, एवढाच तो भेद. कंस घालताच ओळ चालली. परंतु दोन महिने त्या मुलीने पुस्तकाचा दोष स्वतःच्या बुद्धीवर घेतला होता, याचे मला फार वाईट वाटले.

मग प्रोग्रामिंगची जुनी पुस्तके निरुपयोगी समजावीत काय? तसेही नाही. द्रव्य टिकते, पर्याय पालटतात, हे आपले दर्शन सांगते. कंकण मोडून हार केला तरी सोने तेच राहते. संगणकाच्या पुस्तकातही हे दोन भाग वेगळे ओळखता आले पाहिजेत.

आपल्या विदर्भातले उदाहरण पाहू. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावर देशातील असंख्य विद्यार्थी सी ही भाषा शिकले. त्याच्या जुन्या आवृत्त्या टर्बो सी या प्रणालीवर आधारलेल्या होत्या. त्या प्रणालीत पूर्णांकाच्या नेहमीच्या कप्प्यात 32,767 पेक्षा मोठी संख्या मावत नसे. 7,000 रुपये भावाने 5 क्विंटल कापसाचे 35,000 रुपये होतात. ही रक्कम त्या कप्प्यात घातली, तर पडद्यावर उणे 30,536 उमटे! आजच्या बहुतेक प्रणालींत तोच कप्पा 214 कोटींहून मोठी संख्या सामावतो. म्हणजे पुस्तकातील आकडा जुना झाला, परंतु प्रत्येक कप्प्याला मर्यादा असते आणि ती ओलांडली की हिशेब बिघडतो, हा धडा मुळीच जुना झालेला नाही. कर्निघन आणि रिची यांच्या सी भाषेवरील मूळ ग्रंथाची दुसरी आवृत्ती 1988 सालची आहे, तरी जाणकार ती आजही वाचतात, ते याच कारणाने.

दुकानातील टॅलीचे पुस्तक घेतले तरी हेच दिसते. जमा-नावे आणि व्हाउचर यांची प्रकरणे आजही बहुतांशी उपयोगी पडतात. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2005 पासून व्हॅट आला आणि 1 जुलै 2017 पासून देशभर जीएसटी. त्यामुळे जुन्या पुस्तकातील कराचे प्रकरण नवशिक्याने आज प्रमाण मानले, तर तो मालकाला नुकसानीत घालील.

जी चूक यंत्राला अडवते, ती निदान कळते तरी. मुकाट्याने उत्तर बदलणारी चूक अधिक घातक. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत 5 भागिले 2 याचे उत्तर 2 येई, तिसरीत ते अडीच येते. दोन्हीकडे यंत्र कुरकुर करीत नाही. भागीदारीच्या वाटणीत अर्धा रुपया कोठे गेला, याचा शोध घेण्याची सवय ज्याला आहे, त्याला या भेदाचे मोल सांगावे लागणार नाही.

म्हणून यंदा कपाट आवरताना एवढे करावे. पुस्तक कोणत्या साली छापले आणि सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे, हे पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहावे. कोणती प्रकरणे आजही ग्राह्य आणि कोणती कालबाह्य, हे जाणकार तरुणाकडून तपासून त्याच पानावर नोंदवावे. आपल्या मुलांसाठी खरेदी करताना मूलतत्त्वांचे पुस्तक जुने असले तरी चालेल, मात्र पडद्यावरील कृती शिकवणारे पुस्तक चालू आवृत्तीचेच घ्यावे. ज्यातील सारेच कालबाह्य झाले आहे, ते गरजू विद्यार्थ्याच्या हाती देऊ नये. बँकेच्या नोकरीत मुदत उलटलेला धनादेश मी कधी स्वीकारला नाही. मग मुदत उलटलेले पुस्तक दान म्हणून देताना मी तारीख का पाहिली नाही?

त्या मुलीने ते पुस्तक परत केलेले नाही. प्रत्येक धड्यातील बदललेल्या ओळी ती समासात लिहीत आहे. पुढच्या विद्यार्थ्याला ते द्यायचे, असे तिने ठरवले आहे. मी दिले त्यापेक्षा तिच्या हातून जाणारे पुस्तक अधिक मोलाचे असेल.