नावातला ‘भाई’ आणि अडलेला ‘अपार’

विद्यार्थ्याचा १२ अंकी ‘अपार’ क्रमांक निघायला शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. बमरोलीतल्या आपल्या खानदेशी घरांचं घोडं इथेच अडतं. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, वडिलांच्या नावाला ‘भाई’. गावाकडे काढलेल्या आधारवर आडनाव शेवटी आणि ‘भाई’ नाहीच.

शाळा म्हणते आधार बदला, आधार केंद्र म्हणतं शाळेत दुरुस्त करा. अशा दोन पालकांसोबत आम्ही फिरलो. दोघेही पांडेसऱ्यात लूमवर. एक फेरी म्हणजे एक खाडा, आणि खाड्याचा पगार नाही. त्यात ओटीपी जातो बंद पडलेल्या जुन्या नंबरवर! आधारची १९४७ हेल्पलाइन मराठीतही बोलते, पण शाळेचं रजिस्टर तिच्या हातात नाही. कोणती नोंद बदलायची हे ठरवून देणारं माणूस आम्हाला कुठेच भेटलं नाही. (अपार कागदोपत्री ऐच्छिक आहे, हेही कुणी सांगितलं नाही.)

शाळेने निदान काय बदलायचं ते लिहून, सही करून द्यावं. पालकांनी जन्मदाखला आधी नीट पाहावा. १५व्या वर्षी आधारसाठी मुलांचे ठसे पुन्हा द्यावेच लागतात. त्याच फेरीत मोबाईल नंबरही बदलून घ्यावा.