केसपेपर कोणाला उद्देशून?

रुग्णाच्या नोंदीला आजकाल 'विदा' म्हणतात. हा शब्द आम्हाला खटकतो. त्याच्या नवेपणाविषयी तक्रार नाही. तो जे झाकतो त्याविषयी आहे. केसपेपरवर जे उतरते ते आधी कोणीतरी कोणालातरी सांगितलेले असते, दार लोटून घेतलेल्या खोलीत, आवाज खाली आणून, एकाच श्रोत्यापुढे. निवेदन कोणाला उद्देशून आहे यावर त्याचा अर्थ ठरतो, हे साहित्याच्या वर्गात आपण रोज शिकवतो. मग रुग्णालयाच्या संगणकापाशी पोचताच ते का विसरावे?

फिनलंडमधील 'वास्तामो' या खासगी मानसोपचार संस्थेचे प्रकरण पाहावे. २०१८ आणि २०१९ मध्ये तिच्या नोंदींच्या साठ्यात शिरकाव झाला. सप्टेंबर २०२० मध्ये खंडणीखोराने आधी संस्थेकडे पैसे मागितले. ती बधत नाही असे दिसताच त्याने थेट रुग्णांना गाठले. २०० युरो द्या, नाहीतर उपचारकापाशी बोललेले सारे उघड्यावर येईल! रुग्ण होते सुमारे ३३,०००, आणि त्यांत अल्पवयीन मुलेही होती. काहींच्या नोंदी खरोखरच प्रसिद्ध झाल्या. यात चोराची अलौकिक करामत शोधू नये. नोंदींचा सर्व्हर इंटरनेटवरून कोणालाही गाठता येत होता आणि त्याच्या मुख्य खात्याला पासवर्डच नव्हता. २०२१ मध्ये संस्था दिवाळखोरीत गेली. खंडणीखोराला २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने सहा वर्षे तीन महिन्यांची कैद सुनावली. पण एका श्रोत्यासाठी उच्चारलेली वाक्ये परत कशी घेणार?

यावर ठरलेला प्रतिवाद असा, की ज्याला लपवायचे नाही त्याला भीती कसली. हा युक्तिवाद करणाऱ्याने आपला स्वतःचा केसपेपर कधी नीट वाचलेला नसावा. लग्न ठरण्याच्या वयातली मुलगी क्षयाचा उपचार झाल्याचे सांगत नाही, नोकरी टिकवू पाहणारा दारूचे प्रमाण निम्म्यावर आणतो. समीक्षेत ज्याला आपण अविश्वसनीय निवेदक म्हणतो तो इथे भीतीतून जन्मतो, आणि त्याच्याच निवेदनावर औषधाची मात्रा ठरते. गोपनीयता गेली की नोंदच खोटी होते.

कागदाचे भाबडे प्रेम आम्हाला नाही. प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल घेऊन गावोगाव फिरणाऱ्या ऊसतोड मजुराला संगणकीय नोंद उपकारकच ठरेल. आक्षेप आहे तो संमतीच्या नाटकाला. २०२१ पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा पाया रुग्णाची संमती हाच सांगितला जातो. बाह्यरुग्ण विभागात क्यूआर कोड स्कॅन करून १४ अंकी 'आभा' खात्यातली नाव-वयासारखी माहिती दिली की टोकन लवकर मिळते. सोय खरीच, परंतु तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन उभी असलेली आई पडद्यावरचा मजकूर वाचून 'होय' दाबते, असे कोण म्हणेल? तिला रांग चुकवायची असते. आज नाव-वय, उद्या निदान. बोटाला लागलेली सवय तीच.

कायदाही इथे तोकडा पडतो. २०११ च्या नियमांनी वैद्यकीय नोंदी संवेदनशील मानल्या होत्या. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. आरोग्याच्या नोंदींसाठीचा स्वतंत्र कायदा २०१८ च्या मसुद्यापलीकडे गेला नाही. मनात आणले तर जमते, हे एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्याने दाखवले आहे: तिथे माहिती उघड करायला, न्यायालयाचा आदेश वा कायद्याने सांगितलेले अपवाद वगळता, समजून-उमजून दिलेली लेखी संमती लागते. मधुमेह्याने, मनोरुग्णाने, गर्भपात केलेल्या स्त्रीने याहून कमी का मागावे?

एस्टोनियात आपली नोंद कोणी, केव्हा उघडली हे रुग्णाला घरबसल्या पाहता येते. आमच्या प्रत्येक रुग्णालयात एवढी एक खिडकी रुग्णासाठी का उघडू नये, याचे उत्तर 'विदा' गोळा करणाऱ्यांनी आधी द्यावे. संमती मग मागावी.