ग्रँट रोडचं तिकीट
आमच्या हुमनाबादजवळ माणिकनगरला दत्तजयंतीत गाणं रंगतं, तेव्हा कुणी तिकीट विचारत नाही. मराठी नाटकाला तिकिटाची सवय लागली ती समुद्रकाठच्या मुंबईत, ग्रँट रोडच्या थिएटरात. साहेबांनी 1776 साली बॉम्बे ग्रीनवर बांधलेलं नाटकघर कर्जात बुडालं आणि 1835 मध्ये विकलं गेलं. देणी भागवून रक्कम उरली होती. त्यातून नवं नाटकघर हवं म्हणून नागरिकांनी सरकारकडे अर्ज केला, जगन्नाथ शंकरशेटांनी ग्रँट रोडवर जागा दिली आणि 1846 मध्ये पडदा वर गेला. जागा मात्र कोटापासून लांब, साहेबलोकांच्या गैरसोयीची. तेच आपल्या पथ्यावर पडलं! 1853 साली विष्णुदास भावे सांगलीची मंडळी घेऊन आले. सूत्रधार, विदूषक, गणपती, मोरावरची सरस्वती, आरडाओरडा करणारे राक्षस असा सगळा लवाजमा जसाच्या तसा, फक्त विलायती धाटणीच्या रंगमंचावर आणि पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांपुढे. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही तिथेच उभी राहिली. ती इमारत आज नाही. शंकरशेटांचं नाव रेल्वेच्या संदर्भात सगळेच घेतात. नाटकवाल्यांनी तरी ते या थिएटरासाठी घ्यावं.