रूट करण्याआधी एडीबी वापरून पाहा

फोन रूट करून, म्हणजे त्याच्या सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवून, कंपनीने आधीच भरलेली सगळी अ‍ॅप उडवून टाकावीत, असा सल्ला आपल्या एका पत्रलेखकाने दिला आहे. त्यांचा वैताग रास्त आहे. उपाय मात्र अर्धाच सांगितला आहे.

रूट करण्यासाठी सहसा आधी बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम चढवणारा प्रोग्रॅम) उघडावा लागतो आणि त्यात फोनमधले फोटो, संदेश, सारे पुसले जाते. शिवाय बँकेची व यूपीआयची अनेक अ‍ॅप अशा फोनवर चालायला नकार देतात. आमच्या आरे-वारेच्या किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्याला किंवा घरी पर्यटक उतरवणाऱ्याला हे कसे परवडावे?

पुष्कळशी अ‍ॅप सेटिंगमधूनच बंद करता येतात. उरलेल्यांसाठी यूएसबी डीबगिंग चालू करून संगणकावरून एडीबी (अँड्रॉइड डीबग ब्रिज) या साधनाची आज्ञा द्यावी. अ‍ॅप त्या वापरकर्त्यापुरते निघते, मूळ प्रत सिस्टीममध्ये राहते. त्यामुळे चूक झाली तर ते परत आणता येते. जागा फारशी मोकळी होत नाही, हेही खरे. नाव अनोळखी वाटले म्हणून मात्र काहीही काढू नये. सिस्टीमचा गाभाच गेला तर फोन सुरू होणार नाही. रूट करायचेच, तर जुन्या फोनवर, बॅकअप घेऊन आणि त्याच मॉडेलचे मूळ फर्मवेअर हाताशी ठेवून.

कायमच्या उपायाचे म्हणाल, तर भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात गूगलला बजावले होते, की आधीच भरलेली आपली अ‍ॅप काढण्यापासून ग्राहकाला अडवू नये. असा नियम प्रत्येक फोन उत्पादकाला लावावा, अशी मागणी पत्रलेखकाने करावी. माझा त्याला पाठिंबा आहे.

— एक वाचक, आरे-वारे (जि. रत्नागिरी)