डब्यातली पोफळ

भाऊबीजेला ओवाळणी म्हणून तेलाच्या जुन्या डब्यातले सुपारीचे रोप दिले, की काही मंडळींच्या नाकाला मिरच्या झोंबतात. म्हणे, दरिद्री भेट! मी विचारतो, श्रीमंती ती कोणती? ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्या आडव्या केल्या. त्या मिठाईच्या पेट्यांनी उभ्या राहतील काय? नवी पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. भोक नसलेल्या चकचकीत कुंडीत मुळे कुजतात. खिळ्याने तळाला भोके पाडून, वर खापरी ठेवून माती-शेणखत भरलेल्या डब्यात रोप जगते. पावसाळ्यात ते वाडीत लावावे. वाचकहो, मिठाई भाऊबीजेलाच संपते. बहिणीच्या दारची पोफळ तिच्या नातवंडांनाही सुपारी देईल. आता दरिद्री कोण, ते सांगा!