थाळनेरचे दहा मकबरे

खानदेशात कुणालाही थाळनेरबद्दल विचारा, तो आधी लता मंगेशकरांचे आजोळ म्हणून सांगेल. ते खरेच आहे, आणि गावाने त्याचा अभिमान बाळगावा हेही बरोबर. पण शिरपूर तालुक्यातले, तापीच्या काठावरचे हे गाव खानदेशच्या पहिल्या स्वतंत्र राजघराण्याची पहिली राजधानी होते, आणि त्या घराण्याचे पहिले चार राजे याच गावात पुरलेले आहेत, हे सांगणारा माणूस धुळ्याच्या एसटी स्टँडवर तासभर उभे राहूनही सापडेल की नाही, शंका आहे. आपल्या मोहल्ल्यांमध्येही सापडणार नाही. मजारींवर चादर चढवायला आपण खुलदाबादला जातो, अजमेरला जातो. थाळनेरला सहसा कुणी जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी खानदेशचे गॅझेटियर तयार केले, त्यात थाळनेरचे दहा मकबरे नोंदलेले आहेत. त्यातला अष्टकोनी मकबरा नजरेत भरतो. मलिक राजा १३९९ मध्ये वारला, त्याचा मुलगा नसीर खान १४३७ मध्ये, नातू मीरान आदिल खान १४४१ मध्ये आणि पणतू मीरान मुबारक खान १४५७ मध्ये. चौघेही इथेच आहेत. त्यानंतरच्या आदिल खानाने (१४५७ ते १५०१) आपले दफन बुऱ्हाणपूरला करवून घेतले आणि थाळनेर मागे पडले. उरलेल्या सहा कबरी कुणाच्या? राण्या असतील, मुले असतील, सरदार असतील. गावात भेटलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने अहिराणीत सांगितले, "राजास्न्या कबरी शेतस भो, नावं माले मालूम नही." निम्म्या कबरींच्या बाबतीत त्याच्या या एका वाक्यापुढे माझ्याकडचे वाचनही जात नाही.

मलिक राजाची गोष्ट फरिश्ता सांगतो. शिकारीत वाट चुकलेल्या, भुकेल्या फिरोजशाह तुघलकाला त्याने खाऊ घातले, आणि १३७० मध्ये बक्षीस म्हणून थाळनेर आणि करवंदची जहागीर मिळाली. करवंद आजही शिरपूर तालुक्यातच आहे. पुढे दिल्ली दुबळी झाली तसा तो स्वतंत्र झाला, आणि त्याच्या वंशाने १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, तापीच्या खोऱ्यावर राज्य केले. खलिफा उमर फारूक यांचे वंशज म्हणवून घेत, म्हणून फारूकी. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला माळवा, तिसऱ्या बाजूला बहमनी, तिन्ही दांडगे. या तिघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत दोन शतके टिकून राहणे ही साधी गोष्ट नव्हे. कधी सोयरिकीने, कधी खंडणीने, कधी पळ काढून ते टिकले.

फरिश्ता हा काही दूर बसून लिहिणारा नव्हता. १६०४ मध्ये विजापूरची शहजादी अकबराचा मुलगा दानियाल याच्याशी लग्नासाठी बुऱ्हाणपूरला आली, तेव्हा तो तिच्या लवाजम्यात होता. फारूकींचे राज्य बुडून तीनच वर्षे झाली होती. आठवणी ताज्या होत्या. तरीही त्याचे सगळे जसेच्या तसे घेता येत नाही. नसीर खानाने असीरगड जिंकला तेव्हा शेख जैनुद्दीन शिराजी त्याचे अभिनंदन करायला आले आणि त्यांच्या गुरूंच्या, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने त्याने बुऱ्हाणपूर वसवले, असे तो लिहितो. शेख जैनुद्दीन वारले १३६९ मध्ये, नसीर खान गादीवर आला १३९९ मध्ये. तीस वर्षांपूर्वी खुलदाबादला दफन झालेला माणूस अभिनंदनाला कसा येणार? शहरांची नावे मात्र खरी आहेत: तापीच्या एका काठाला गुरूचे बुऱ्हाणपूर, समोर शिष्याचे जैनाबाद. श्रद्धा खरी, भेट खोटी. आपल्याकडच्या उरुसाच्या पत्रकांतही असे बरेच असते, आणि ते छापण्याआधी दोन तारखा शेजारी मांडून पाहायला कुणाची हरकत नसावी.

आता अडचणीचा मुद्दा. असीरगड नसीर खानाने कसा घेतला? तोही फरिश्त्यानेच सांगितला आहे. गडावर आसा अहीर नावाचा धनाढ्य गुराखी-सरदार होता. दुष्काळात त्याने आपली धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली होती. नसीर खानाने त्याला निरोप पाठवला: शत्रू मागे लागले आहेत, माझ्या बायकामुलांना गडावर आसरा दे. आसाने दिला. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरेच बायका आल्या. दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांतून सैनिक उतरले, आणि स्वागताला आलेला आसा आणि त्याची मुले मारली गेली. आसऱ्याला आलेल्याने यजमानाला मारले. इस्लाममध्ये अमानतीला काय किंमत आहे, हे वाचकांना सांगायला नको. आसा अहिराच्या नावावरूनच गड असीर झाला असे फरिश्ता म्हणतो, आणि ज्या अहिरांची ही गोष्ट, त्यांच्याच नावाची बोली आज आपल्या घराघरात बोलली जाते. धुळ्याचा मोमीन असो की चोपड्याचा पिंजारी, घरात उर्दूचा आग्रह कितीही असला तरी बाजारात तो "काय करी ऱ्हायना?" असेच विचारतो.

म्हणून थाळनेरच्या मकबऱ्यांबद्दल लिहिताना "आपले राजे" हा शब्द माझ्याकडून लिहिला जात नाही. एकीकडे समाजमाध्यमांवर फारूकींना 'परकीय आक्रमक' म्हणणाऱ्यांची फौज आहे, दुसरीकडे आपली पोरे त्याच राजांचे तलवारीवाले स्टेटस लावतात. दोघांचाही समज एकच, की आजचा खानदेशी मुसलमान हा त्या राजांचा वारस आहे. यावल-रावेरच्या सातपुड्याच्या पायथ्याचा तडवी भिल्ल, एरंडोलचा पिंजारी, धुळ्याचा मागावर बसलेला विणकर, जळगावच्या बाजार समितीत आडतीवर हमाली करणारा, यांचे फारूकींशी नाते असलेच तर शेतसारा भरणाऱ्याचे होते. त्यांचे पूर्वज बिननावाच्या मातीच्या कबरीत आहेत, आणि दीनही तेच सांगतो. थाळनेरचे मकबरे जपायचे ते वंशाभिमानाने नव्हे. तिथे आपल्या प्रदेशाचा एक दस्तऐवज दगडात उभा आहे, आणि तो गेला तर पुन्हा तयार करता येत नाही, एवढ्याचसाठी.

त्याच थाळनेरला दुसरे एक दफन आहे, त्याची तर खूणही आपण शोधत नाही. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी हा मुलूख इंग्रजांना दिला. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉप थाळनेरच्या किल्ल्यापुढे आला. किल्लेदार तुळशीराम, शिबंदी अरबांची. तोफा चालल्या, किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला, पण आतल्या दरवाजाशी भाषा न समजल्याने म्हणा किंवा संशयाने म्हणा, झटापट झाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर हे दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर किल्ल्यातली जवळपास सगळी शिबंदी, सुमारे तीनशे माणसे, कापली गेली आणि तुळशीरामला त्याच संध्याकाळी फाशी दिले गेले. हे प्रकरण इतके टोचले, की १८१९ मध्ये लंडनच्या पार्लमेंटने या मोहिमेच्या सेनानींचे आभार मानताना हिस्लॉपचे थाळनेरचे कृत्य त्यातून मुद्दाम वगळले. एका हिंदू किल्लेदाराच्या हाताखाली एका मराठा संस्थानासाठी लढलेले अरब मुसलमान! दोन्ही बाजूंच्या प्रचाराला ही गोष्ट गैरसोयीची, म्हणून ती कुणीच सांगत नाही. तीनशे माणसे कुठेतरी पुरली असतीलच ना?

बुऱ्हाणपूरबद्दल लिहायला लागलो तर अंक पुरणार नाही. 'कन्झुल उम्माल' हा हदीसचा प्रचंड संग्रह करणारे अली मुत्तकी बुऱ्हाणपूरचे. ते मक्केत वारले. १६२० मध्ये वारलेल्या मुहम्मद इब्न फजलुल्लाह बुऱ्हाणपुरींची छोटी पुस्तिका सुमात्रा-जावापर्यंत पोहोचली. मुमताज महल १६३१ च्या जून महिन्यात इथेच वारली आणि आग्र्याला नेईपर्यंत सहा महिने जैनाबादच्या बागेत पुरलेली होती. इथल्या जामा मशिदीत राजा अली खानाने अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरवला आहे, विक्रम संवत आणि शकासह. द्वैभाषिक नियतकालिक चालवणाऱ्या आम्हांला त्या राजाबद्दल थोडा जास्त जिव्हाळा वाटला तर वाचकांनी समजून घ्यावे. पण बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. रावेरपासून रेल्वेने जेमतेम अर्धा-पाऊण तास. तरी आपल्या शाळेच्या पुस्तकांसाठी, पर्यटन खात्यासाठी आणि जिल्हा नियोजनासाठी ते दुसरे राज्य आहे. राजधानी सीमेपलीकडे गेली आणि खानदेशच्या इतिहासाचे धड अलीकडे राहिले. म्हणून थाळनेर, लळिंग, नशिराबाद, फरकांडे, चाळीसगाव ही अलीकडची ठिकाणे आपल्यावर आहेत.

आणि यातली निकड आजची आहे. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने दोन गोष्टी बदलल्या, त्यांचा थेट संबंध जुन्या कबरींशी आहे. जी वास्तू संरक्षित स्मारक असतानाच वक्फ म्हणून जाहीर झाली, तिची ती घोषणा आता रद्दबातल ठरते. आणि केवळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरावरून वक्फ मानण्याची तरतूद पुढच्यासाठी गेली. आधी नोंद झालेल्या मिळकतींनाच, त्याही वाद नसेल आणि सरकारी जमीन नसेल तर, तिचा आधार राहिला. ६ जून २०२५ ला उमीद पोर्टल सुरू झाले, सहा महिन्यांची मुदत मिळाली आणि ती डिसेंबरमध्ये संपली. या कायद्याबद्दल आमचे आक्षेप आम्ही वेळोवेळी मांडले आहेत, ते कायम आहेत. पण त्या सहा महिन्यांत जी धावपळ मी पाहिली, तिने आपलेच पितळ उघडे पडले. एका कब्रस्तानच्या कमिटीकडे सातबाराच नव्हता. दुसऱ्याकडे होता, पण त्यावरचा गट नंबर आणि जागेवरचा नंबर वेगळे. तिसऱ्या ठिकाणी दर्ग्याची जुनी सनद मुजावरांच्या घरात पत्र्याच्या पेटीत होती आणि वाळवीने तिची चाळण केली होती. सगळा दोष सरकारवर टाकून झोपता येईल, पण वाळवी काही दिल्लीहून आलेली नव्हती.

कागद असला तर काय होते हेही आपण पाहिले आहे. २०२३ मध्ये एरंडोलच्या पांडववाडा मशिदीचा वाद जिल्हाधिकाऱ्यांकडून उच्च न्यायालयात आणि पुढे तिथून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे टिकाव धरायला घोषणांचा नव्हे, नोंदींचा उपयोग झाला.

आणखी एक नुकसान आपण स्वतः, भक्तिभावाने करत असतो. जुन्या मजारीला बाथरूमच्या टाइल्स लावायच्या, कोरीव दगडावर हिरवा ऑइलपेंट फासायचा, शिलालेखावर सिमेंटचा गिलावा मारायचा. पुण्य म्हणून करतात, त्यांच्या नियतीबद्दल शंका नाही. पण ज्या चार ओळींवरून त्या कबरीचा काळ, नाव, बाप आणि मृत्यूचे साल कळले असते, त्या गिलाव्याखाली गेल्या की ती कबर कायमची 'बाबांची' होते. पक्क्या कबरी बांधूच नयेत असे मानणारे बांधव म्हणतील, बरे झाले. बांधू नका, मान्य. बांधलेली वाचू तरी द्या.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. त्यामुळे सुरुवातीला मोठे ॲप, नकाशे, ड्रोन वगैरे डोक्यात आले. मित्रांनी जमिनीवर आणले. गरज आहे ती एका साध्या तक्त्याची, जो मोबाइलवर भरता येईल. गाव, तालुका, जागेचे अक्षांश-रेखांश. कबरीचे चारही बाजूंनी फोटो. लेख असेल तर सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला जवळचा फोटो, कारण दुपारी कोरीव अक्षर उठत नाही. सातबाऱ्यावर जमीन कुणाच्या नावे. वक्फच्या नोंदीत आहे का. केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित आहे का. आणि शेवटी गाव काय सांगते. गावाचे सांगणे वेगळ्या रकान्यात, कागदाचे वेगळ्या. दोन्ही एकत्र करायचे नाहीत. मी कामात रोज पाहतो, की चुकीची माहिती दुरुस्त करता येते, पण खरी-खोटी कालवलेली माहिती निवडता येत नाही.

खडूने अक्षरे गिरवायची नाहीत, घासायचे नाही, पाणी टाकायचे नाही. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला मनाई असते, त्यामुळे तिथे शेड किंवा ओटा बांधण्याआधी चौकशी करायची. फारसी आणि मोडी कागदांचे फोटो काढून मूळ कागद ज्याचे त्याच्या घरीच ठेवायचा. वाचून घ्यायला फार लांब जायला नको. १९२६ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ शहरात आजही आहे. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरचे कागदांचे रुमाल गोळा करत. त्यांची मते आपल्याला पटोत न पटोत, ती सवय आपल्या मोहल्ल्यांत आली असती तर मुजावरांची पेटी वाळवीच्या आधी उघडली गेली असती.

सुरुवात थाळनेरपासून करतो आहोत. पावसाळ्याआधी दोन रविवार. शिरपूरहून एसटी आहे, जेवण गावातल्या एका शिक्षकांनी त्यांच्या घरी ठरवले आहे. नमाजी-बेनमाजी, मुस्लिम-बिगरमुस्लिम कुणीही यावे. बहिणींनी जरूर यावे, मकबऱ्यात त्यांना कुणी अडवणार नाही. फारसी वाचणारा एक माणूस मिळाला आहे, मोडी वाचणारा हवा आहे. आणि कुणाच्या घरी तुळशीराम किल्लेदाराबद्दल किंवा किल्ल्यातल्या अरबांबद्दल काही ऐकीव असेल, कितीही तुटक, तर ते म्हातारे माणूस बोलते आहे तोवर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावे.