आईवरचा आळ

व्यंग असलेलं मूल जन्माला येतं ते आईच्या हलगर्जीपणामुळे, असं एका नामवंत व्याख्यात्यांनी परवा भर सभेत सांगितलं. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा. ग्रहणात बाईने विळी हातात घेतली की मुलाचा ओठ फाटतो. तिचं मन अस्वस्थ असलं की मुलाच्या हृदयाला छिद्र पडतं. पूर्वीच्या बायका नेमधर्म पाळत, म्हणून पूर्वी अशी मुलं होत नसत. आताच्या मुली नोकऱ्या करतात, बाहेरचं खातात, रात्री जागतात, म्हणून ती होतात. आणि हे सारं आपल्या ऋषिमुनींनी लिहून ठेवलेलं आहे. सभेने टाळ्या वाजवल्या. त्या सभेत असं मूल मांडीवर घेतलेली एखादी आई बसली असेल, हा विचार व्याख्यात्यांना शिवला नाही. मला राग आहे तो याचा.

‘पूर्वी अशी मुलं नव्हती’ याचं उत्तर सोपं आहे. होती, पण त्यांतली अनेक जगत नव्हती. बाळ निळं पडून गेलं एवढंच घरात सांगितलं जाई, हृदयातला दोष दाखवणारी इको तपासणी तेव्हा नव्हती. नोकरीचं म्हणाल, तर आपल्या आज्या कळा सुरू होईपर्यंत शेतात वाकून राबत होत्या. ते कष्ट व्याख्यात्यांच्या हिशेबात धरलेले नाहीत.

आता ग्रहण. हा मुद्दा किरकोळ समजून सोडून देणारे बरेच आहेत. मी सोडणार नाही, कारण दुभंगलेल्या ओठाचं बाळ घरी आलं की सासूचा पहिला प्रश्न आजही ‘ग्रहणात काय कापलंस?’ हाच असतो.

ओठ मुळात कापला जातच नाही. गर्भधारणेनंतरच्या पाचव्या आठवड्यात तुमचा, माझा, व्याख्यात्यांचा, सगळ्यांचाच वरचा ओठ अखंड नव्हता. त्या वेळी चेहऱ्याच्या दोन बाजूंनी दोन उंचवटे मध्याकडे सरकत असतात आणि नाकाच्या बाजूने आणखी दोन खाली उतरत असतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात ते एकमेकांना भिडतात, मधली पातळ त्वचा विरून जाते आणि ओठ एकसंध होतो. नाकाखालच्या पन्हळीच्या दोन्ही कडांशी हे सांधे येतात. म्हणूनच फट बहुधा मधोमध नसते, एका बाजूला असते, आणि उजवीपेक्षा डावीकडे अधिक वेळा आढळते. बाळाच्या ओठावर दिसतो तो राहून गेलेला सांधा. विळी चालवून जुना सांधा उसवत नाही आणि विळी खाली ठेवल्याने राहिलेला सांधा जुळत नाही.

आता दिवस मोजून पाहा. ओठ सातव्या आठवड्यापर्यंत पुरा होतो, टाळूही साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात जुळते. ग्रहण पाळायला बसवतात कोणाला? जिचं पोट दिसू लागलं आहे तिला, पाचव्या-सहाव्या-आठव्या महिन्यातल्या बाईला. तिला दार-खिडक्या लावून, पाण्याचा घोटही न देता तासन्‌तास निश्चल बसवतात, आणि तिच्या बाळाचा ओठ केव्हाच तयार झालेला असतो. ज्या बाईच्या पोटात त्याच आठवड्यात ओठ जुळत असतो तिची पाळी नुकतीच चुकलेली असते, कित्येकदा तिलाही अजून खात्री नसते. ती त्या दिवशी बिनधास्त भाजी चिरत असते. ग्रहण ओठ फाडत असतं तर प्रत्येक मोठ्या ग्रहणानंतर सात-आठ महिन्यांनी अशा बाळांची लाट आली असती. तशी लाट येत नाही. जगभरात सुमारे सातशे जन्मांमागे एक बाळ अशा ओठाचं किंवा टाळूचं जन्मतं, ग्रहण दिसलेल्या मुलखात आणि न दिसलेल्या मुलखातही. मेक्सिकोत ग्रहणाच्या वेळी गरोदर बाई पोटाशी किल्ली किंवा सेफ्टी पिन अडकवते, तीही याच ओठाच्या भीतीने. तिथेही अशी बाळं जन्मतात आणि तिथेही आईलाच विचारतात.

ही फट का राहते? आई आणि बाप दोघांकडून आलेली जनुकं, आईचं धूम्रपान, ताब्यात नसलेला मधुमेह, फेफऱ्यावरची काही औषधं, यांतलं काही एक किंवा अनेक गोष्टी एकत्र. पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. सगळ्या जन्मजात दोषांचा विचार केला तरी निम्म्याच्या आसपास मुलांत ठरावीक कारण दाखवता येत नाही. विज्ञान जिथे प्रामाणिकपणे थांबतं, तिथे व्याख्याते आईकडे बोट दाखवून पुढे जातात.

मनाच्या अस्वस्थतेचा मुद्दाही याच मोजणीत संपतो. गर्भारणीचं मन स्वस्थ असावं हे खरंच. पण हृदयाचे पडदे आठव्या आठवड्याच्या सुमाराला तयार झालेले असतात. डोहाळजेवणाच्या मांडवात सातव्या महिन्यात केलेल्या उपदेशाने ते मागे जाऊन दुरुस्त होत नाहीत.

गर्भाला खरोखर इजा करणाऱ्या गोष्टी कशा सापडल्या, तेही व्याख्यात्यांनी वाचावं. १९४१ साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकामागून एक येऊ लागली. त्यांनी आयांना विचारलं, ते दोष देण्यासाठी नव्हे. बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला येऊन गेला होता. पुढे त्यातूनच या रोगावरच्या लसीची निकड जगाला पटली. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध बाजारात आलं. मळमळीवरही ते दिलं गेलं. १९६१ च्या नोव्हेंबरात ते तिथे मागे घेतलं गेलं, पण त्याच्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं आखूड किंवा अपुऱ्या हातापायांची जन्मली. गर्भधारणेनंतरच्या साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांत घेतलेली गोळी घात करत होती. सुरुवातीच्या दिवसांत घेतली तर कान बिघडत, नंतर हात, त्यानंतर पाय. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाई कंपनीच्या दबावाला न जुमानता परवानगी अडवून बसल्या, म्हणून तिथली असंख्य बाळं वाचली. ज्यांची बाळं अशी जन्मली त्या आयांनी औषधावर विश्वास ठेवून गोळी घेतली होती. त्यांचा गुन्हा कोणता?

इथे एक जुना वाद आठवतो. याच वळणाची मंडळी पूर्वी मुलगा व्हावा म्हणून पुड्या घ्यायला सांगत, आजही काही ठिकाणी सांगतात. त्या पुड्या नेमक्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत घ्यायच्या असतात, म्हणजे अवयव घडत असतानाच. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशी औषधं आणि जन्मजात दोष यांचा संबंध दिसून आला. या पुड्यांविरुद्ध बोललं की ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ असं आम्हाला ऐकवलं जाई. पुडी देणारा हात मोकळा सुटतो आणि विळी धरणाऱ्या हाताला शिक्षा होते, हा न्याय मला मान्य नाही.

ऋषींचं म्हणाल, तर सुश्रुतसंहितेत डोहाळे अपुरे राहिल्याने व्यंग होतं असं म्हटलेलं आहे, ते मी नाकारत नाही. पण चरकसंहितेच्या शारीरस्थानात विकृतीची कारणं सांगताना बीज, पूर्वकर्म, गर्भाशय, काळ आणि आईचा आहारविहार अशी रांग लावली आहे. बीजाचा जो भाग दूषित, तोच अवयव विकृत होतो, असंही तिथे सांगितलं आहे. बीज आईचं तसंच बापाचं. व्याख्यात्यांनी या रांगेतलं फक्त शेवटचं तेवढं उचललं आणि बापाला सभेतून सोडून दिलं.

मग करायचं काय? गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. वरचं टोक उघडं राहिलं तर बाळाला कवटी आणि मेंदू नीट बनत नाही, खालचं राहिलं तर पाठीच्या कण्यात फट राहते. १९९१ साली सात देशांतल्या ३३ केंद्रांत झालेल्या ब्रिटिश अभ्यासात, आधी असं मूल झालेल्या बायकांना दिवस जाण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा पुन्हा तसं होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटलं. म्हणून दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड हवं. रुबेलाची लसही आधीच हवी. गोव्यात गोवर-रुबेलाची मोहीम २०१७ साली झाली, महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तेव्हा ज्या मुली मोहिमेच्या वयोगटापेक्षा मोठ्या होत्या त्यांनी लस झाली आहे का ते डॉक्टरांना विचारावं. साखर तपासावी, फेफऱ्याची किंवा मुरुमांची औषधं चालू असतील तर दिवस जाण्याआधीच सांगावं, मनाने बंद करू नयेत. दारू-तंबाखू घरातून जावी, नवऱ्याचीसुद्धा. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक जुळत असेल आणि घराण्यात आधी काही दोष दिसला असेल, तर बोलणी पुढे नेण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा.

दुभंगलेला ओठ बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या वयात शिवता येतो, टाळू त्यानंतर. बालकांची जन्मजात दोषांसाठी तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरातूनच सुरू झाला. टाळू फाटलेल्या बाळाला नीट चोखता येत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून त्याला पाजायचं कसं हे आईला कोणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं. आणि एका बाळाला हा दोष असेल तर त्याच आईबापांच्या पुढच्या बाळाला तो होण्याचा संभव शंभरात साधारण तीन ते पाच असतो, हे त्या दोघांना एकत्र बसवून सांगावं लागतं. बाळंतिणीच्या खोलीत ग्रहणाची चौकशी करणाऱ्या घरांना यातलं एकही अजून कोणी सांगितलेलं नाही.